बाई, पोरांना कान-डोळे शिकवायचे तरी कसे?

(वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं)

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की घरात लहान मुलांना डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा याबद्दल तुम्ही कसं सांगता, काय अडतं, तर एवढी पत्रं आली की टेबलावर ठेवायला जागा नाही. त्यात गणपती नुकतेच झालेत त्यामुळं निम्मी पत्रं कानाचीच. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत, जी पुष्कळांच्या घरातली आहेत ती घेते.

बाई नमस्कार. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. विसर्जनाला त्याचे पप्पा त्याला खांद्यावर बसवून महाद्वार रोडला घेऊन गेले, तासभर तरी स्पीकरच्या जवळ उभे होते म्हणे. घरी आल्यावर पोरगं म्हणतंय "आई माझ्या कानात कुकर वाजतोय". सकाळपर्यंत थांबलं, पण मला रात्रभर झोप नाही. सासरे म्हणतात आम्ही काय ढोल ऐकले नाहीत काय, काय झालं आम्हाला. आता मी त्याला "मोठा आवाज वाईट" असं सांगितलं तर तो मिक्सरला पण घाबरायला लागलाय. कसं समजवायचं?
(एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

ताई, आधी हे करा, त्याला एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेऊन ऐकू येण्याची तपासणी करून घ्या. दुखत नाही, हेडफोन लावून बीप ऐकायचे असतात, पोरांना तर खेळच वाटतो. कुकर थांबला हे चांगलंच, पण थांबला म्हणजे आत काही झालं नाही असं नसतं, म्हणून सांगतेय.

आता समजवायचं कसं. नुसतं "वाईट" म्हटलं की पोरं घाबरतात, कारण काय बिघडतं ते त्यांना दिसत नाही. ते दाखवायचं. घरात एक वाडगं घ्या, फुगा कापून त्याच्या तोंडावर ताणून बसवा, रबर लावा, वर चिमूटभर तीळ टाका. मग जरा लांबून ताट वाजवा, नाहीतर शेजारी कुणाकडं हलगी असेल तर वाजवायला सांगा. तीळ उड्या मारतात! कुणी हात लावला नाही तरी नाचतात. मी हे वर्गात किती वेळा केलं असेल, प्रत्येक वेळी मागच्या बाकावरची पोरं पुढं येऊन वाकून बघतात. हाच कानाचा पडदा. त्याच्या मागं तीन हाडं असतात, शेवटचं रिकिबीसारखं दिसतं, जेमतेम ३ मिलिमीटरचं, अख्ख्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड, तांदळाच्या दाण्याच्या निम्मं म्हणा. ते आतल्या गोगलगायीच्या शंखासारख्या नळीवर टकटक करतं, आणि त्या नळीतल्या पाण्यात केसांच्या तुऱ्यासारख्या बारीक बारीक पेशी असतात. एका कानात साधारण १५-१६ हजार. ऐकायला बरंच वाटतं, पण जन्मभरासाठी तेवढ्याच, नवीन येत नाहीत. कोंबडीच्या कानातल्या मेल्या तर परत उगवतात, माणसाच्या नाही, हे मुलांना सांगा, ते कधी विसरणार नाहीत.

आणि उसाचं रान तर आपल्याकडच्या पोरांनी बघितलेलंच असतं. वारा आला की ऊस वाकतो, परत उभा राहतो. जोराचं वादळ झालं की लोळतो, थोडा उठतो, पण तेच परत परत झालं की मुळातनं उपटतो. त्याच्या कानात कुकर वाजला ना, तो ऊस लोळल्याचा आवाज होता. यावेळी बराचसा उठला. पोराला एवढंच सांगा.

मिक्सरचं असं सांगा की आवाजाला वेळही मोजावी लागते. कारखान्यातल्या कामगारांसाठी जो हिशोब धरतात त्यात ८५ डेसिबलला (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) ८ तास, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, असं करत करत १०० ला फक्त १५ मिनिटं. हा हिशोब मोठ्या माणसांचा बरं का, लहान मुलांसाठी याहून कमीच धरायचं. मिक्सर एक मिनिट चालतो, त्यानं काही होत नाही. एकावर एक रचलेल्या स्पीकरच्या भिंतीजवळ आकडा १०० च्या सहज पुढं जातो आणि तिथं तुमचा मुलगा तासभर होता, तेही खांद्यावर, म्हणजे कान बरोबर स्पीकरच्या उंचीला. पप्पांना दोष देत नाही मी, त्यांनी हौसेनं नेलं, पोराला गणपती दिसावा म्हणूनच खांद्यावर घेतलं. पण पुढच्या वर्षी भिंत यायच्या आत गल्लीत आत सरका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात, दोन्हीकडं इमारती असतील तर तेवढे नाही उतरत. कापसाचा बोळा घालून भागत नाही, त्यानं फार थोडा आवाज अडतो. लहान मुलांचे कानावर बसणारे इअरमफ मिळतात ते घ्या. आणि त्याला एक खूण शिकवा, हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय म्हणजे इथनं निघायचं. ही खूण पाच वर्षांच्या पोराला बरोबर कळते, आणि मग तो तुमचा हात धरून ओढतो, तेव्हा मात्र त्याचं ऐका, "थांब रे जरा" म्हणू नका.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. ढोल-ताशा, हलगी-घुमकं मीही ऐकत वाढले. पण तो ताफा समोरनं जायचा, पाच-दहा मिनिटांत पुढं सरकायचा. आता भिंत एका जागी उभी राहते आणि चौकात तास तास वाजते, छातीत धडधड होते. कायद्यानं बघायला गेलं तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती निदान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. मला मनापासून वाटतं की ज्या मंडळांनी पारंपरिक वाद्यांवर मिरवणूक काढली त्यांचं गल्लीतल्या प्रत्येक आईबापानं जाऊन कौतुक करावं, तोंडावर करावं, वर्गणी देताना करावं.

मी फौंड्रीत फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायच्या कामाला) आहे, १४ वर्षं झाली. घरात टीव्हीचा आवाज माझ्यामुळं मोठा असतो. मुलगी ७ वर्षांची, ती पण तिथंच बसलेली असते. ती म्हणते पप्पांना हाक मारली तरी ऐकत नाहीत. तिच्या कानाला काही होईल का?
(एक वडील, शिरोली एमआयडीसी)

दादा, पत्र वाचून गलबललं. तिच्या कानाची काळजी आहे तुम्हाला, पण आधी तुमचे कान तपासा. फेटलिंगचा आवाज १४ वर्षं झेलल्यावर उंच पट्टीचे आवाज आधी जातात, आणि लहान मुलींचा आवाज नेमका उंच असतो, म्हणून तिची हाक तुमच्यापर्यंत येत नसेल. ती रुसून बसायच्या आधी तिला हे सांगा. तिला वाटत असेल की पप्पांचं लक्षच नाही.

टीव्हीला ब्लूटूथ हेडफोन जोडून तुम्ही लावा, म्हणजे बाकीच्यांना आवाज बेताचा राहील. तपासणीत यंत्र लावायला सांगितलं तर लाजू नका, चष्म्याला कुठं लाजतो आपण? आणि कामावर प्लग किंवा मफ घालाच, गरम होतं, घाम येतो, सगळं मान्य, तरी घाला, जे उरलंय ते राखायचं आहे. रविवारी ते प्लग घरी आणून मुलीला दाखवा, तिच्यासमोर नीट बोटांनी वळून कानात घालून दाखवा. बापानं हे करताना बघितलेली मुलगी मोठेपणी मोबाइलचा आवाज आपणहून कमी करेल, याची मला खात्री आहे.

पाचवीतल्या मुलाला प्रोजेक्ट आहे, जिभेचा तक्ता. पुढं गोड, कडेला खारट-आंबट, मागं कडू. त्यानं पुढच्या टोकावर मीठ ठेवून बघितलं तर खारट लागलं, आता म्हणतो तक्ता चुकीचा आहे. मी काय सांगू? आणि तिखट कुठं दाखवायचं, ते तर तक्त्यातच नाही!
(एक आई, राजारामपुरी)

मुलगा बरोबर आहे, त्याला शाबासकी द्या. तो तक्ता चुकीचाच आहे. १९०१ साली हेनिग नावाच्या एका जर्मन संशोधकानं जिभेच्या वेगवेगळ्या भागांत थोडा थोडा फरक मोजला होता, पुढं १९४२ मध्ये बोरिंग नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकात तो आलेख अशा तऱ्हेनं आला की वाचणाऱ्यांनी थोड्या फरकाची चक्क हद्दच करून टाकली, आणि तिथनं तो तक्ता जगभर शाळाशाळांत गेला. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं फळ्यावर तोच काढलाय, कुणी मीठ ठेवून बघितलं नाही, मीही नाही. जिभेवर सगळीकडं सगळ्या चवी कळतात. गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी उमामी, ती १९०८ मध्ये जपानच्या इकेदांनी शोधली, टोमॅटोच्या सारात, मटणाच्या रश्शात जी भरलेली चव असते ती. तक्ता तसाच दिला तर मार्क मिळतील कदाचित, पण त्याच्या प्रयोगाची वही सोबत जोडा आणि त्याच्या शाळेतल्या बाईंना प्रेमानं दाखवा, मला नाही वाटत कुठल्याही शिक्षिकेला राग येईल.

आता तिखट. कोल्हापूरकरांना हे सांगताना मला भारी आनंद होतो, तिखट ही चवच नाही. चव असती तर मिरच्या चिरल्यावर हात भगभगले असते का? हाताला कुठं चव कळते! डोळ्याला हात लागला की काय होतं ते तर विचारूच नका. उन्हाळ्यात डंकावर चटणी कुटायला गेलो की अख्ख्या रांगेला ठसका लागतो, कुणी जिभेवर ठेवलेली नसते. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या त्या दारावर जाऊन बसतं जे एरवी साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता लागली की उघडतं. दार उघडलं की मेंदूला निरोप जातो "भाजलं!" म्हणून. खरं तर काहीच तापलेलं नसतं. हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये शोधलं आणि त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं, स्पर्श आणि दाब कसा कळतो ते शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर. पण आपली भाषा बघा, आपण आधीपासनंच म्हणतो "तोंड भाजलं", "तोंड पोळलं".

मुलाला सांगा तांबड्या रश्शानं तोंड पोळलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दूध किंवा दही घ्यायचं. आणि अजून एक प्रयोग, प्रोजेक्टला जोडता येईल, नाक घट्ट दाबून गुळाचा खडा तोंडात ठेवायचा. नुसतं गोड लागतं, गूळ आहे की आणखी काय ते धड कळत नाही. मग नाक सोडायचं. गुऱ्हाळावर उभं असल्यासारखा वास एकदम भरून येतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंचसं नाकाचं काम आहे. सर्दीत जेवण बेचव का लागतं ते तो स्वतःच सांगेल तुम्हाला.

नाकाचा विषय निघालाय तर हेही त्याला आजच शिकवा. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच, तो घाण वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. तो वास आला की लाइटचं बटण दाबायचं नाही, चालू असेल तर बंदही करायचं नाही, बाहेर पळायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची.

आमच्यात सासूबाई तंबाखू खातात, चुन्याची पुडी उशाशी असते. दीड वर्षाचं पोरगं ती दाबतं, फोडतं. भांडण नको म्हणून मी बोलत नाही. खरंच धोका असतो का?
(एक सून, कागल तालुका)

असतो. बोला, आजच बोला, आणि हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. आजी, नातवावर तुमचा जीव आहे म्हणून सांगते. पुडी दाबली की ती फुटते आणि चुना थेट तोंडावर उडतो. चुना हा अल्कली, म्हणजे भाजणारा क्षार आहे, तो डोळ्याच्या वर राहत नाही, आत आत झिरपत जातो. आपल्या बुबुळावर जो काचेसारखा पडदा असतो त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो पारदर्शक राहतो. चुन्यानं तो भाजला की दुधाळ पांढरा पडू शकतो आणि नजर कायमची जाऊ शकते. डोळ्यांच्या दवाखान्यांत अशी लहान पोरं येतात, आपल्या देशात ही काही नवलाची गोष्ट नाही. पुडी कुलपात नाहीतर फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात.

आणि उडालाच तर त्या क्षणी पाणी. रिक्षा बघायच्या आधी पाणी. पापण्या बोटांनी उघड्या धरून नळाखाली किंवा तांब्यानं स्वच्छ पाणी सोडत राहायचं, निदान १५-२० मिनिटं, पोरगं किंचाळेल, दोघांनी धरा पण थांबू नका. दिसणारे कण ओल्या स्वच्छ कापडानं टिपून काढा. तूप नाही, दूध नाही, गुलाबपाणी नाही, काही नाही. मग तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडं.

मी दुसरीला शिकवते. डोळा शिकवताना आकृती दाखवते पण मुलांचं लक्ष लागत नाही. वेगळं काय करू?
(एक शिक्षिका, हातकणंगले तालुका)

आकृती नंतर. वर्गाच्या खिडक्या कागदानं झाकून अंधार करा, एका कागदाला पेनाच्या टोकाएवढं भोक पाडा, बाहेर लख्ख ऊन हवं. समोर पांढरा कागद धरा. बाहेरचं झाड, जाणारी एसटी, सगळं उलटं दिसतं. पोरं ओरडतात! डोळ्यातही चित्र असंच उलटं पडतं, सुलटं मेंदू करतो. उजेड सरळ रेषेत जातो हे सांगायला आपल्याकडं अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आहेच, जानेवारीअखेर-फेब्रुवारी आणि नोव्हेंबरात मावळतीचे किरण महाद्वारातनं सरळ आत येऊन मूर्तीचे आधी चरण, मग छाती, मग मुख असे वर चढतात. फक्त एक बजावा, सूर्याकडं थेट बघायचं नाही, लेसरकडं तर मुळीच नाही, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर भाजल्याचा डाग पडतो आणि त्या वेळी दुखतही नाही, म्हणून कळत नाही.

दुसरा खेळ एका डोळ्याचा. आणि याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, नाव नको. फळ्यावरचं उतरवून घेताना चुका, चेंडू झेलता येत नाही, मी त्याला "लक्ष कुठं आहे तुझं" म्हणून चारचौघांत बोलले होते, एकदा नाही, बरेचदा. एके दिवशी खेळ घेतला, एक डोळा हातानं झाकायचा आणि समोर धरलेली बोटं मोजायची. सगळ्यांनी उजवा झाकला, मोजली. डावा झाकला, मोजली. हा मात्र डावा झाकला की हात बाजूला करायला लागला, मान वळवून बोटांच्या फटीतनं बघायला लागला. मी म्हटलं फसवू नको. तर तो म्हणाला, "बाई, हा डोळा सगळ्यांचा असाच असतो की." त्याला वाटत होतं की दोनातला एक डोळा दिसायचा आणि एक शोभेचा! जन्मापासून तसंच दिसत असल्यावर त्याला कळणार तरी कसं?

त्याला आळशी डोळा म्हणतात. डोळा वरनं छान दिसतो, पण नंबर जास्त असल्यामुळं किंवा तिरळेपणामुळं मेंदू त्या डोळ्याचं चित्र घेणंच सोडून देतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, असा उपाय असतो, सात-आठ वर्षांच्या आत सुरू केला तर उत्तम, नंतर फरक पडणं अवघड होत जातं. तो मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. पट्टी लावून शाळेत यायला लाजायचा म्हणून मीही आठवडाभर पट्टी लावून शिकवलं, मग वर्गातल्या चार पोरांनी हट्ट धरला आम्हालाही पाहिजे. सुधारला तो. पण त्याच्यावर ओरडलेलं माझ्या मनातनं जात नाही. म्हणून ताई, दुसरीच्या वर्गात हा खेळ जूनमध्येच घ्या, कुणाचं एका डोळ्याला अडलं तर त्याच दिवशी पालकांना कळवा. आणि पोरांना रोज दोन तास तरी बाहेर उजेडात खेळू द्या, लांबचं धूसर दिसायच्या नंबराची सुरुवात त्यानं लांबते हे अभ्यासांतनं दिसलंय.

बाळाच्या कानातला मळ बड्सनं काढावा का? तेल घालावं का?
(एक आजी, इचलकरंजी)

नाही आणि नाही. मळ आपोआप बाहेर सरकतो, बड्सनं उलटा आत ढकलला जातो, आणि हिसका बसला तर पडद्याला इजा. बाहेरचा पाळा ओल्या फडक्यानं पुसा, बास. सर्दीनंतर पोरगं हाकेला ओ देईना झालं तर मात्र दाखवून घ्या. लहान मुलांची कानापासून घशाकडं जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळं पडद्यामागं पाणी साठतं. ओली हलगी कशी बद् वाजते, तसं होतं.

बाई, मी पाचवीत आहे. नागपंचमीला आम्ही फुगडी घालतो. थांबलं तरी घर का फिरतं? माझी मैत्रीण म्हणते डोळे फिरतात. खरं काय?
(एक विद्यार्थिनी, शुक्रवार पेठ)

बाळा, तुझा प्रश्न सगळ्यात आवडला मला. फिरतं ते तुझ्या कानात! ऐकायच्या शंखाच्या शेजारीच तीन बारक्या अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाणी असतं. तू फिरायला लागलीस की ते पाणीही हळूहळू तुझ्याबरोबर फिरायला लागतं. तू थांबतेस, पाणी थांबत नाही. ते मेंदूला सांगतं अजून फिरतोय, डोळे सांगतात थांबलोय, दोघांचं जुळत नाही. मैत्रीणही थोडी बरोबर आहे, कानाचं ऐकून डोळे खरंच बारीक बारीक हलत राहतात. थांबल्या थांबल्या तिच्या बुबुळांकडं बघ, दिसेल.

म्हणजे ज्ञानेंद्रियं पाचच नाहीत बरं का, हे तोल सांभाळणारं आणखी एक आहे. मैदानात फुगडी घाला, फरशीवर नको, आणि चक्कर आली की लगेच खाली बसायचं.

आता असं कर, एक मोठा पेला पाण्यानं निम्मा भर, त्यात तुळशीचं वाळलेलं पान टाक आणि पेला गोल गोल फिरव. मग पटकन थांबव. पान किती वेळ फिरत राहतं ते मोज, तुझी फुगडी थांबल्यावर घर किती वेळ फिरतं तेही मैत्रिणीला मोजायला सांग, आणि दोन्ही आकडे मला लिहून पाठव.